अनुभव धागा: गाण्याचं दार तुम्हाला कुणी उघडून दिलं?

विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, नजर अधू झाली, तेव्हा मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकू लागले. पुढे संस्थानाच्या आश्रयाची वाट सोडून त्यांनी ५ मे १९०१ ला लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं. ठरलेला अभ्यासक्रम, छापील स्वरलिपी आणि सामान्य घरातल्या मुलामुलींना प्रवेश. स्वतः मैफल गाजवणाऱ्या गवयाने आयुष्य यात घालावं, हे मला फार मोठं वाटतं. त्या वाटेने तुमच्यापर्यंत गाणं कसं पोचलं, ते लिहा.

लालबागहून
वडील गिरणीत. घरात भजनं होती, पण राग म्हणजे काय ते कुणाला ठाऊक नव्हतं. शाळेत संध्याकाळी गाण्याचा क्लास भरायचा. बाईंनी ‘कुणाकडे शिकलीस, घरात कोण गातं’ असं काही विचारलं नाही. पट्टी शोधली, सा लावायला सांगितला. प्रारंभिकच्या, म्हणजे सगळ्यात पहिल्या परीक्षेला दुर्गा राग गायले. पुढे मला बघून आईनेही नाव घातलं. आपल्या मुलांच्या वयाच्या पोरांमध्ये बसून ती स्वरांचे अलंकार घोटायची. तिची प्रवेशिका ही पुढची परीक्षा झाली त्या दिवशी वडिलांनी चाळभर पेढे वाटले.

सांगलीहून
मी जन्मांध आहे. विशारद या वरच्या परीक्षेला शास्त्राचा पेपर लेखनिकाने लिहिला, क्रियात्मक म्हणजे प्रत्यक्ष गाणं इतरांसारखंच दिलं. परीक्षकांनी बागेश्री राग मांडायला सांगितला आणि मनासारखा विस्तार होईपर्यंत मध्ये थांबवलं नाही. आता मी शिकवतो. डोळस मुलं वहीत बंदिश उतरवून घेतात, मी त्यांना आधी वही मिटायला लावतो.

पुण्याहून
थोडं वेगळं मत. क्लासमुळे गाणं कळू लागतं, गवई मात्र गुरूसमोर बसूनच घडतो. परीक्षेपुरते पाठ केलेले आलाप-ताना ऐकल्या की जीव हळहळतो.

धागाकर्ती
पटतं. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास हे पलुस्करबुवांचे शिष्यही त्यांच्या सहवासातच तयार झाले. पण त्यांतले विनायकबुवा १९३२ मध्ये पुण्यात विद्यालय काढून बसले, आणि १९३१ मध्ये पलुस्करबुवा गेल्यावर शिष्यांनी उभारलेलं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ आजही प्रारंभिक ते विशारद अशा परीक्षा घेतं. सगळ्यांनी गवई व्हावं असा हट्ट कशाला? मैफलीत समेवर मान हलवणारा श्रोताही कुणीतरी घडवावाच लागतो.

धाराशिव जिल्ह्यातून
हे सगळं वाचून बरं वाटलं, पण आमच्याकडे अजून दार किलकिलंच आहे. मुलीला तबला शिकायचाय. गावात पखवाज वाजवणारे वारकरी आहेत, त्यांच्याकडे ती हरिपाठाला बसते, हात चांगला पडतो. तबल्याचे गुरुजी मात्र तालुक्यालाही नाहीत आणि ऑनलाइन शिकताना आवाज तुटतो, ठेका जुळत नाही. आठवड्यातून एकदा लातूर किंवा सोलापूरला नेऊ शकतो. लहान मुलांना शिकवणारं कुणी माहीत असेल तर इथेच सांगा.