लहान मुलांसोबत दागिने करताना मोठ्यांनी कितपत हात घालावा?

कात्रणवही (प्रश्न)

सप्रेम नमस्कार.

लहान मुलांच्या एका सुट्टीतील गटासाठी मला तासाभराचा हस्तकलेचा उपक्रम घ्यायचा आहे. गटात डझनभर मुले असून त्यांची वये ३ ते ७ अशी संमिश्र आहेत, आणि मदतीला माझ्याखेरीज आणखी एकच मोठी व्यक्ती असेल. विषय मुलांनीच निवडला आहे: स्वतःला घालता येतील असे दागिने, म्हणजे माळ, कडे, अंगठी किंवा बिल्ला, आणि त्यांवर मनासारखी सजावट.

माझी शंका साहित्यापेक्षा कामाच्या वाटणीबद्दल अधिक आहे. अशा उपक्रमांचे जे नमुने पाहायला मिळतात ते देखणे असतात. परंतु ते करायला बसले की भोक पाडणे, गाठ मारणे, कापणे आणि नीट चिकटवणे ही सगळी कामे एकेक करून मोठ्यांकडे येतात, आणि मुलाच्या वाट्याला शेवटची टिकली लावण्यापुरतेच काम उरते. दुसरी अडचण गोंदाची. तास संपला तरी तो ओलाच असतो, आणि उचलताना सगळी सजावट घरंगळून खाली येते. तिसरी काळजी अर्थातच लहान वस्तू तोंडात जाण्याची आहे.

ज्यांनी या वयाच्या मुलांसोबत असे काम केले आहे, त्यांनी आपण ते कसे बसवता हे सविस्तर सांगितल्यास उपकार होतील.

सुईदोरा

कात्रणवही, आपण प्रश्न अगदी योग्य जागी धरला आहे. माझ्या मते मोठ्यांचे काम मुले बसण्याआधी संपलेले असावे आणि मुले बसल्यावर मोठ्यांनी त्यांच्या वस्तूला हात लावू नये. 'दे, मी करून देते' हे वाक्य उच्चारण्याची वेळ आली, तर पूर्वतयारीत काहीतरी राहून गेले आहे असे समजावे. भोक, गाठ, अडकवण्याची जागा आणि कापलेला आकार या चार गोष्टी आदल्या दिवशी तयार असल्या, की मुलाकडे उरतो तो दागिन्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे काय, कुठे आणि किती लावायचे हा निर्णय.

या वयोगटासाठी मी सर्वप्रथम कड्याची शिफारस करेन. स्वयंपाकघरातील कागदी रुमालांच्या गुंडाळीच्या आत जी पुठ्ठ्याची नळी असते, तिचे चार-पाच सेंटिमीटर रुंदीचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकडा एका जागी उभा चिरावा आणि चिरेची चारही टोके कात्रीने गोल करावीत, म्हणजे ती मनगटाला बोचत नाहीत. हे कडे बाजूने सरकवून घालता येते; त्याला ना गाठ लागते, ना फासा. आता गोंदाचा प्रश्न. कड्याच्या बाहेरच्या बाजूला रुंद दुहेरी चिकटपट्टी आधीच लावून ठेवा आणि तिच्यावरचा कागद तसाच राहू द्या. त्या कागदाचा एक कोपरा मात्र थोडा सोडवून दुमडून ठेवावा, कारण तीन वर्षांच्या मुलाच्या नखाला तो कोपरा सुटत नाही आणि तेथेच 'मला येत नाही' सुरू होते. कोपरा हाती लागला, की कागद ओढून काढण्यातच मुलांना अर्धा आनंद मिळतो. मग त्यावर कागदाचे कपटे, लोकरीचे तुकडे, कापडाच्या चिंध्या, मोठी बटणे, वाळलेली पाने असे जे हवे ते दाबायचे. वाळायची वाट पाहावी लागत नाही आणि कडे लगेच हातात घालता येते. उघडी राहिलेली चिकट जागा शेवटी बारीक चुरलेल्या रंगीत कागदावर लोळवली, की कपड्यांना चिकटत नाही.

गोंद वापरायचाच असेल, तर पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद घ्यावा. तो वाळल्यावर पारदर्शक होतो. त्याचा पातळ थर अर्ध्या-एक तासात वाळतो, परंतु मुले बाटली दाबून जो गोळा काढतात त्याला अख्खी रात्र लागते. म्हणून बाटली टेबलावर ठेवूच नये. बाटलीच्या झाकणात थोडासा गोंद आणि सोबत कापसाची काडी एवढेच द्यावे.

ओवण्याबाबत सांगायचे, तर तीन-चार वर्षांच्या मुलांना दोऱ्यापेक्षा पाईप क्लीनर, म्हणजे मऊ लव असलेली वाकणारी तार, फार सोपा जातो. तो ताठ असल्यामुळे भोकात सरळ जातो आणि त्याच्या लवेमुळे ओवलेला मणी मागे घसरत नाही. त्याच्या तारेची दोन्ही टोके मात्र आधीच आत दुमडून ठेवावीत. थोड्या मोठ्या मुलांना बुटाची नाडी किंवा लोकर द्यावी. लोकरीचे टोक चिकटपट्टीत घट्ट गुंडाळले, की त्याचीच सुई होते, आणि दुसऱ्या टोकाला एक मणी निरगाठीने बांधून टाकला, की बाकीचे मणी तिकडून निसटत नाहीत. मणी गुळगुळीत टेबलावर न ठेवता जाड टॉवेलवर पसरावेत, कारण टॉवेलवर ते घरंगळत नाहीत आणि डझनभर मुले टेबलाखाली रांगत नाहीत.

तिसरा_डोळा

सुईदोरा यांनी कामाची वाटणी उत्तम सांगितली आहे. मी केवळ सुरक्षिततेबद्दल लिहितो.

तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांत लहान भाग आहेत का, हे तपासण्यासाठी एक ठरावीक नळकांडे वापरतात. त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो आणि तिरक्या तळामुळे त्याची खोली एका बाजूला २५.४, तर दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर भरते. जी वस्तू न दाबता त्यात पूर्ण मावते, ती लहान मुलाच्या घशात अडकू शकते असे मानले जाते. घरच्या घरी पाहायचे असेल, तर वर उल्लेख आलेली कागदी गुंडाळीची नळीच हाताशी ठेवावी. तिचा व्यास याहून जास्त असतो, त्यामुळे तिच्यातून न जाणारी वस्तू त्या नळकांड्यात मावणारच नाही. आपल्या गटातील मुले तीन वर्षांपुढची आहेत, हे खरे. परंतु दागिना मुलासोबत घरी जातो आणि घरी कदाचित रांगणारे भावंड असते. पालकांना ही गोष्ट शब्दांत सांगावी.

गळ्यातील माळेबाबत मी आग्रही आहे. पक्क्या गाठीची माळ झोपाळ्याच्या साखळीत किंवा दाराच्या कडीत अडकली, तर ती तुटत नाही आणि गळा आवळला जातो. माळ करायचीच असेल, तर दोन्ही टोके गाठीने न जोडता वेल्क्रोच्या अगदी लहान तुकड्याने जोडावीत आणि ओढून ती सहज सुटते ना, हे स्वतः पाहावे. झोपताना आणि मैदानावर खेळताना कोणतीही माळ गळ्यात नको.

साहित्य गोळा करताना मोठ्यांचे जुने, तुटलेले दागिने मुलांपुढे ओतण्याचा मोह होतो. तो टाळावा. स्वस्त धातूच्या जुन्या दागिन्यांत शिसे किंवा कॅडमियम असू शकते. २००६ साली अमेरिकेत चार वर्षांच्या एका मुलाने कड्याला लटकवलेले धातूचे लहानसे पदक गिळले आणि शिशाच्या विषबाधेने तो दगावला. ते पदक जवळजवळ निव्वळ शिशाचे होते. २००८ साली तेथे झालेल्या कायद्यानुसार मुलांच्या वस्तूंतील शिशाची मर्यादा टप्प्याटप्प्याने कमी करून ऑगस्ट २०११ पासून ती दहा लाख भागांत १०० भाग इतकी करण्यात आली. जुन्या दागिन्यांना असा कोणताच नियम लागू झालेला नसतो, आणि लहान मुले मणी चोखतातच. दागिन्याची टोके जोडणारे चुंबकाचे फासे, बटणाएवढ्या बॅटरीवर चमकणारे दिवे आणि पाण्यात फुगणारे मणी हेही पूर्णपणे वर्ज्य समजावेत. एकाहून अधिक चुंबक पोटात गेल्यास ते आतड्याच्या दोन पदरांना मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकते.

मातीचे_हात

सुईदोरा यांच्या एका मुद्द्याशी मी आदरपूर्वक असहमत आहे. सगळी रचना आधीच तयार करून दिली, तर मुलाला केवळ सजावट येते, वस्तू कशी बनते हे कळत नाही. भोक पाडणे हे मोठ्यांचे काम आहे, असे आपण सर्वांनी गृहीत धरले आहे. ते पुठ्ठ्याबाबत खरे आहे, मातीबाबत नाही. मऊ लगद्यात स्ट्रॉ खुपसून भोक पाडणे तीन वर्षांच्या मुलालाही जमते, आणि स्ट्रॉ वर उचलल्यावर तिच्या तोंडात अडकलेली ती इवलीशी गोल चकती पाहून ते मूल पुढची पाच भोके केवळ त्या चकतीसाठी पाडते.

त्यासाठी मिठाचा लगदा सर्वांत सोपा. दोन वाट्या मैदा आणि एक वाटी बारीक मीठ एकत्र करून त्यात वाटीभर पाणी थोडे थोडे घालत मळावे. हाताला चिकटेनासे झाले की थांबावे, मग वाटीत पाणी उरले तरी चालेल. अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटून झाकणाने गोल कापावेत. भोक कडेपासून बोटाच्या रुंदीइतके आत घ्यावे, नाहीतर वाळताना कड तडकते. ठसे उमटवण्यासाठी पानांच्या शिरा, बटणे, लेस, खडबडीत कापड असे काहीही चालते, आणि ही सजावट गळून पडण्याची भीतीच नसते. नंतर १०० अंश सेल्सिअसला दोन-तीन तास ओव्हनमध्ये ठेवले, की बिल्ला कडक होतो. घाई करून तापमान वाढवल्यास तो फुगतो आणि ठसे पुसट होतात. मीठ हवेतील ओलावा ओढून घेते, म्हणून रंग दिल्यावर दोन्ही बाजूंनी वॉर्निशचा हात द्यावा लागतो, अन्यथा दमट हवेत बिल्ला पुन्हा मऊ पडतो. बोटाला चीर असलेल्या मुलाला हा लगदा झोंबतो, हे आधी विचारून घ्यावे. घरी कुत्रा असल्यास तो लगदा त्याच्यापासून दूर ठेवावा. इतके मीठ त्याच्या जिवावर बेतू शकते.

अर्थात, हे काम एका तासात होत नाही. आज ठसे, पुढच्या वेळी रंग, असे दोन भाग करावे लागतील. माझ्या मते ते चांगलेच आहे, परंतु आपल्याला दुसरी बैठक मिळणार आहे का, हे आपणच जाणता.

कात्रणवही

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दुसरी बैठक मिळण्याची शक्यता आहे. त्यामुळे पहिल्या दिवशी सर्वांसाठी कडे आणि ज्यांचे लवकर होईल त्यांच्यासाठी लगद्याचे बिल्ले, असे करण्याचा विचार आहे. जुन्या दागिन्यांचा डबा बाजूला काढून ठेवला आहे.

दोन शंका उरल्या. सहा-सात वर्षांच्या मुलांना पुठ्ठ्याचे कडे बाळबोध वाटेल, त्यांना काय द्यावे? आणि तीन वर्षांचे मूल सगळी बटणे एकाच कोपऱ्यात ढीग करून लावत असेल, तर त्याला पसरून लावायला सांगावे का?

सुईदोरा

ढिगाबद्दल आधी सांगते: सांगू नये. बटणावर बटण चिकटत नाही, हे त्याला दोन मिनिटांत कळते आणि ते स्वतःच शेजारची जागा शोधते. नाही शोधली, तर त्या मुलाच्या कड्याला एक उंच कोपरा असेल, इतकेच. पसरून लावावे ही आपली आवड आहे, त्याची नव्हे.

मातीचे हात यांच्या आक्षेपाचे मी स्वागत करते. तरीही डझनभर मुले आणि दोन मोठे हे प्रमाण पाहता लगदा केवळ लवकर मोकळ्या होणाऱ्या मुलांपुरता ठेवण्याचा आपला विचारच व्यवहार्य वाटतो.

गुंडाळी

सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी कागदी मणी सुचवतो. जुन्या मासिकाच्या रंगीत पानाचे लांब, निमुळते त्रिकोण कापावेत. तळ दोन सेंटिमीटर आणि लांबी पंचवीस-तीस सेंटिमीटर ठेवावी. रुंद बाजूकडून सुरुवात करून त्रिकोण जाड काडीवर गुंडाळत नेला, की मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता मणी तयार होतो. त्रिकोणाचा तळ जेवढा, तेवढी मण्याची लांबी. पट्टी जितकी लांब, तितका मणी गुबगुबीत. गोंद पहिल्या वेढ्याला लावू नये, नाहीतर मणी काडीलाच चिकटून बसतो. पहिला वेढा कोरडा जाऊ द्यावा आणि गोंद त्यापुढे लावावा. चार-पाच वर्षांच्या मुलांना त्रिकोण सरळ रेषेत ठेवणे जमत नाही, त्यांना त्याच रुंदीची सरळ पट्टी द्यावी. मणी नळकांड्यासारखा होतो आणि तोही छान दिसतो.

या वयात क्रमाची गोडी लागलेली असते. मात्र 'लाल, निळा, लाल, निळा' असा नमुना आपण ठरवून देऊ नये. त्यांनी स्वतःचा क्रम आधी टॉवेलवर मांडावा आणि मगच ओवावा. ओवून झाल्यावर मधला एक मणी चुकला असे लक्षात आले, तर सगळे उतरवावे लागते आणि रडारड होते. टॉवेलवर मात्र तो मणी बोटाने सरकवून बदलता येतो.

ओव्हन हाताशी असेल, तर आकसणारे प्लॅस्टिकही मोठ्या मुलांना भुरळ घालते. हा प्लॅस्टिकचा पत्रा कारखान्यात ताणलेल्या अवस्थेत थंड केलेला असतो, म्हणून तापवला की तो मूळ आकाराकडे परततो. लांबी-रुंदी निम्म्याहून कमी होते आणि जाडी वाढते. भोक तापवण्याआधीच कागदाच्या पंचने पाडावे लागते, कारण नंतर तो पंच होत नाही. पत्र्यावर दिलेले रंग तो आकसल्यावर गडद होतात, म्हणून मुलांना फिके रंग वापरायला सांगावे. तापमान पाकिटावर दिले असेल तेच ठेवावे आणि ओव्हनपाशी मोठ्या माणसानेच उभे राहावे. मुलांना मात्र काचेतून पाहू द्यावे: पत्रा आधी वेडावाकडा वळतो, सगळे बिघडले असे वाटते, आणि मग आपोआप सपाट होतो. तो पूर्ण सपाट होण्याआधी घाईने बाहेर काढू नये.