सायक्लोक्रॉस रोडसाठी बदलायची? टायर बदला आणि गप्प बसा

बोपदेवचा_हमाल (धागाकर्ता)

मावसभाऊ परदेशातून परतला आणि त्याची सायक्लोक्रॉस माझ्या गळ्यात पडली. ॲल्युमिनियम फ्रेम, कँटिलिव्हर ब्रेक (रिमच्या दोन्ही बाजूंच्या दांड्या मधली केबल ओढते तसले), पुढे ४६ आणि ३६ दातांच्या चेनरिंग, मागे ११ ते २८ दातांची कॅसेट, ३३ मिमीचे बटन टायर (चिखलासाठी गुठळ्या असलेले). ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: बेल्जियमकडे हिवाळ्यात चिखलातून तासभर फेऱ्या मारायच्या, आडवी फळी आली की उतरून सायकल खांद्यावर टाकून पळायचं. त्या शर्यतीची ही सायकल.

मला ती रोडवर चालवायची आहे. ग्रुपात जो तो शहाणपण शिकवतोय. चेनरिंग बदल, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) बदल, ब्रेक काढून टाक. एका दुकानदाराने तर यादीच करून दिली. बेरीज केली तर तेवढ्यात जुनी रोड बाईक दारात आली असती.

मी फक्त २८ मिमीचे गुळगुळीत टायर टाकले. कोंढवा, बोपदेव, सासवड करून आलो. डांबरावर बटन टायरची जी भुणभुण चालायची ती गेली, सायकल सुटल्यासारखी पळाली. माझ्या मते याच्यापुढचा सगळा खर्च हौस आहे. बोला.

पॅडलपुराण

सपशेल असहमत. टायर बदलून रोड बाईक होत असती तर कंपन्यांनी वेगळी फ्रेम केलीच नसती. क्रॉसच्या फ्रेममध्ये बॉटम ब्रॅकेट (पॅडलच्या आसाची जागा) उंच, मागचा त्रिकोण लांब. वळणावर रोड बाईक जशी जमिनीला धरून जाते तशी ही जात नाही. आणि पुढे ३६, मागे २८ दात घेऊन सिंहगड चढून दाखवा. बोपदेव म्हणजे काही घाट नव्हे (सासवडकरांनी रागावू नये). विका आणि रोड बाईक घ्या.

चेन_सुटली

उंचीचं म्हणाल तर ३३ चे टायर काढून २८ चे घातले की सायकल साधारण ५ मिमी खाली बसते. फरकाचा बराचसा भाग तिथेच मिटला.

दादांना पुढच्या गिअरबद्दल कुणीतरी घाबरवलेलं दिसतंय, म्हणून हिशेब मांडते. ४६-११ वर २८ चा टायर, मिनिटाला ९० फेरे, वेग होतो ताशी ४८ किमी. रोड बाईकच्या ५०-११ वर ५२. खंबाटकीचा उतार सोडला तर आपल्यापैकी कोण ४८ च्या वर पॅडल मारतं? उतारावर मी तर ब्रेकवर बोटं ठेवून देवाचं नाव घेते. ५० ची चेनरिंग म्हणजे निव्वळ पैसे घालवणं.

चढाचं मात्र पॅडलपुराण यांचं खरं आहे. ३६-२८ ने गुडघे बोलायला लागतात. मागे ११-३२ टाका. आखूड पिंजऱ्याचं जुनं डिरेलर (मागची चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारं) असेल तर ३२ झेपणार नाही, ते आधी बघा.

ग्रीसचे_हात

चेनरिंगवर भांडताय आणि ब्रेकबद्दल कुणी बोलेना! कँटिलिव्हर असलेल्या क्रॉस सायकलचा खरा रोग फोर्क थरथरणं. माझी दिवे घाटात अशी थरथरली की हँडल हातातून सुटतंय असं वाटलं. दुकानात दोनदा ब्रेक रबर बदलून दिले, पैसे गेले, थरथर तिथेच.

कारण साधं आहे. ब्रेकची केबल वर हेडसेटपाशी (हँडलखालच्या बेअरिंगपाशी) अडकवलेली असते. ब्रेक दाबला की फोर्क मागे वाकतो, केबल आपोआप आणखी ताणली जाते, ब्रेक अजून आवळतो, मग सुटतो, पुन्हा आवळतो. केबलचा हँगर (केबल अडकवायचा तुकडा) वरून काढून फोर्कच्या माथ्यावर बसवला की केबलचा तो लांब टप्पाच उरत नाही. एक तुकडा धातू आणि अर्ध्या तासाचं काम. नाहीतर आखूड दांड्यांचे मिनी-व्ही ब्रेक लावा, रोडच्या लिव्हरशी जुळतात. फक्त रबर रिमच्या फार जवळ येतात, चाक सरळ हवं. रोड बाईकचे कॅलिपर ब्रेक बसवायच्या फंदात पडू नका, त्या फोर्कवर ते बहुतेक रिमपर्यंत पोचतच नाहीत.

पॅडलपुराण

म्हणजे आता कॅसेट, कदाचित डिरेलर, वर ब्रेक. दुकानदाराची यादी परत आलीच की! ‘टायर बदला आणि गप्प बसा’ हे शीर्षक तेवढं बदला.

बोपदेवचा_हमाल

शीर्षक राहू दे, पण अर्धी माघार घेतो. काल खास सिंहगडाला गेलो. अर्ध्या वाटेवर उतरून ढकलली. कॅसेट बदलणार. डिरेलर मध्यम पिंजऱ्याचं निघालं, तो खर्च वाचला. येताना ब्रेक दाबल्यावर थरथर जाणवली, आधी मला वाटायचं रस्ताच तसा आहे. हँगर शोधतोय.

विकणार मात्र नाही. पुढच्या महिन्यात २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब राईड) आहे, साडेतेरा तास हातात असतात. त्यात वळणावर जमिनीला धरून जाण्यापेक्षा खड्ड्यातून न पडता बाहेर येणं जास्त महत्त्वाचं. उद्या २८ ऐवजी ३२ चे टायर घालावेसे वाटले तर या फोर्कमध्ये आरामात बसतात. तुमच्या रोड बाईकमध्ये बसतील?

पॅडलपुराण

माझ्यात २५ च्या वर काही जात नाही, मान्य. ब्रेव्हेला मीही आहे. मोठी ट्यूब जवळ ठेवा, माझी तुम्हाला चालणार नाही.