केवळ अंड्यांच्या रचनेवरून सागरी माशातील सूत्रकृमी ओळखता येतो का?

प्रश्न
एका सागरी माशाच्या कल्ल्यांत काळपट रेघा दिसल्या. तो भाग काचपट्टीवर दाबून पाहिला असता गडद तपकिरी, पिंपाच्या आकाराच्या अंड्यांचे पुंजके आढळले. प्रत्येक अंड्याच्या दोन्ही टोकांना पारदर्शक बूच आहे. प्रौढ कृमी मात्र कोठेही नाही. अशा वेळी जाती निश्चित करणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद १
आपले वर्णन हफमनेला या सूत्रकृमींच्या (धाग्यासारख्या गोल कृमींच्या) प्रजातीशी जुळते. दोन्ही टोकांना बूच असलेली अंडी कॅपिलॅरिया या सूत्रकृमींच्या दुसऱ्या गटातही असतात, परंतु ऊतकातच साठून राहिलेली काळपट अंडी हे हफमनेलाचे ठळक लक्षण आहे. प्रौढ कृमी केसासारखा बारीक असून क्वचितच हाती लागतो, त्यामुळे या प्रजातीतील अनेक जातींचे वर्णन केवळ अंड्यांवरूनच झालेले आहे. पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटांजवळील माशांतून २००४ मध्ये वर्णिलेल्या दोन जाती पाहा : एकीची अंडी हाडांत आढळतात, तर दुसरीच्या अंड्यांवर बारीक तंतू असतात. म्हणजे अंडे कोणत्या माशात आणि कोणत्या अवयवात सापडले, ही नोंद मोजमापांइतकीच महत्त्वाची आहे.

प्रतिसाद २
सहमत आहे, मात्र एक सावधगिरी आवश्यक वाटते. कोवळी अंडी फिकट व पातळ कवचाची असतात आणि आत अळी तयार होत जाते तसतसे कवच जाड व गडद होते. म्हणून अळी स्पष्ट दिसणाऱ्या अंड्यांचीच लांबी, रुंदी, कवचाची जाडी आणि बुचाची रुंदी मायक्रोमीटरमध्ये नोंदवावी. पृष्ठभागावरील कंगोरे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली उत्तम दिसतात, पण त्यासाठी नमुना निर्जलित करावा लागत असल्याने अंडी आक्रसतात. ती मापे ताज्या अंड्यांच्या मापांत मिसळू नयेत. ॲस्कॅरोफिस या माशांतील दुसऱ्या सूत्रकृमी-प्रजातीमध्येही हेच पथ्य लागू पडते, कारण तेथे जाती ओळखण्यास उपयोगी पडणारे टोकांचे तंतू पक्व अंड्यांवरच दिसतात.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. कवचाचे थर साध्या सूक्ष्मदर्शकाने वेगळे दिसतील का?

प्रतिसाद २
पूर्णपणे नाही. सूत्रकृमींच्या अंडकवचात साधारणपणे बाहेरचा पीतक (व्हिटेलाइन) थर, मधला कायटिनयुक्त (कीटकांच्या कवचातही असणाऱ्या चिवट पदार्थाचा) थर आणि आतला मेदयुक्त थर असतो, आणि त्यांच्या सीमा पाहण्यासाठी अतिशय पातळ छेद घेऊन पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरावा लागतो. थोडे ऊतक फॉर्मलिनऐवजी अल्कोहोलमध्येही ठेवा. फॉर्मलिनमधील नमुन्यातून डीएनए मिळवणे अवघड जाते.