पसरणी घाटात पद्मिनी बंद पडते, इलेक्ट्रिक पंप बसवू का?

पद्मिनीवाला84
मंडळी नमस्कार. काकांची 1984 ची प्रीमियर पद्मिनी माझ्याकडे आलीये, पांढरी, स्टिअरिंगवरचा गिअर, पुढं सलग सीट. सकाळी चोक ओढला की लगेच सुरू होते, सातारा रोडला 60 नी मस्त चालते, बायको आधी नाक मुरडायची पण त्रिकोणी काच उघडून वारा तोंडावर घेतल्यापासून तीच म्हणते काढ गाडी. प्रॉब्लेम एकच. वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाट अर्धा चढला की गचके देते आणि बंद. टेम्परेचरचा काटा मधेच, लालमध्ये नाही. अर्धा तास बॉनेट उघडून उभं राहिलं की काही झालंच नाही अशी सुरू. मेकॅनिक म्हणतो इंजिनवरचा पेट्रोल ओढणारा पंप काढा, मागं टाकीजवळ इलेक्ट्रिक बसवू आणि डेल्को (प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) पण इलेक्ट्रॉनिक करून टाकू. दुसरा एक म्हणाला मारुतीचं इंजिनच टाका, त्याला तिथंच नमस्कार केला. ओरिजिनल ठेवायची हौस आहे पण दर वळणावर लोकांनी "काका धक्का देऊ का" विचारणं पण नको. काय करू?

नानापेठी
आधी खिशातून रुपया काढू नका. गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू, हे दोन कारणांनी होतं आणि दोन्ही बाहेरून सेम दिसतात. एक, पेट्रोलची वाफ होऊन लाइन अडते, व्हेपर लॉक. घाटात स्पीड कमी, लोड जास्त, बॉनेटखाली हवा फिरत नाही, पंप इंजिनलाच चिकटलेला, तो तापतो आणि टाकीकडून ओढून घेतानाच आत पेट्रोल उकळतं. दोन, ठिणगी पाडणाऱ्या भागांपैकी कंडेन्सर नाहीतर कॉइल गरम झाल्यावर दगा देते, गार झाली की परत शहाणी. त्यामुळं पुढच्या वेळी बंद पडली की बसून राहू नका, तिथल्या तिथं बघा. एअर क्लीनर काढून कार्ब्युरेटरमध्ये (पेट्रोल नी हवा मिसळते तिथं) डोकवा आणि हातानं थ्रॉटल दाबा. पेट्रोलची धार उडाली तर पेट्रोल येतंय, पंपाचा काही दोष नाही. मग एअर क्लीनर परत बसवा, उघड्या पेट्रोलपाशी ठिणगी नको. कॉइलची मधली वायर डेल्कोच्या कॅपमधून काढून पकडीनं ब्लॉकपासून 5-6 मिमीवर धरा आणि सेल मारायला सांगा. ठिणगी निळी जाड पाहिजे. पिवळी बारीक असेल किंवा नसेलच तर इलेक्ट्रिक पंप बसवून पण गाडी त्याच वळणावर बंद पडणार आहे.

आणि समजा पंप बसवायचाच झाला तर कार्ब्युरेटरच्या गाडीचा, कमी प्रेशरचा घ्या, 3-4 पीएसआय. इंजेक्शन गाडीचा पंप लावला तर कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई तेवढं प्रेशर अडवू शकणार नाही आणि पेट्रोल वरून वाहील, गरम इंजिनवर. हे मेकॅनिकला सांगावं लागतं, खरंच.

रंकाळा_गॅरेज
नानापेठी बरोबर बोलले. माझी भर एवढीच की आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलंय, ते जुन्या रबराला सोसत नाही भावा. होस फुगतात, आतून सोलतात, पंपाचा डायफ्राम कडक होतो आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सुटून फिल्टरमध्ये येऊन बसतो. टाकी ते कार्ब्युरेटर जेवढं रबर आहे तेवढं इथेनॉल चालणारं टाक, मीटरवर मिळतं, लै महाग नाही. पाइप सायलेन्सरच्या बाजूनं जात असंल तर लांब बांध. आणि तोपर्यंत घाटात पंपावर ओलं फडकं टाक, आमच्याकडं सगळे जुने ड्रायव्हर तेच करायचे. फडक्यानं पाच मिनिटात सुरू झाली तर समज पेट्रोलचंच दुखणं आहे. थर्मोस्टॅट (इंजिनचं पाणी किती फिरवायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलाय का तेपण बघ, निम्म्या मेकॅनिकांना ती खोड आहे. इंजिनचं हेड अॅल्युमिनियमचं आहे, एकदा तापून वाकलं तर मग लेथवाल्याकडं चकरा.

लेस्टरकर
इकडं इंग्लंडात माझ्याकडं मॉरिस मायनर आहे, दुखणं तेच. आमच्याकडं 2021 ला ई10 (10 टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आलं पण सुपर पेट्रोल ई5 (5 टक्क्यांचं) अजून पंपावर मिळतं म्हणून जुन्या गाडीवाल्यांचं निभावलं. आणि 40 वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स नाही, दरवर्षीची तपासणी पण नाही (मी तरी करून घेतो, ब्रेकच्या बाबतीत स्वतःवर विश्वास नको). तिकडं तुमचं कागदांचं काय?

नानापेठी
@लेस्टरकर इथं उलटं आहे, गाडी जितकी जुनी तितकी फी जास्त. पंधरा वर्षांनंतर दर 5 वर्षांनी पासिंग (तपासून नोंदणी वाढवणं), वर ग्रीन टॅक्स (जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर). व्हिंटेज गाडीचा वेगळा व्हीए अक्षरांचा नंबर 2021 च्या नियमात आला पण त्याला 50 वर्षं पूर्ण पाहिजेत आणि मग रोज वापरता येत नाही, त्यामुळं 84 च्या गाडीला सध्या त्याचा काही उपयोग नाही आणि चालवायची हौस असेल तर नंतरही विचार करून घ्या.

पद्मिनीवाला84
सगळ्यांचे आभार. रविवारी मुद्दाम दुपारी दिवे घाटात नेली, वर पोचता पोचता गचके. धार व्यवस्थित उडाली, ठिणगी पिवळी आणि मधूनच गायब. डिकीत नवा कंडेन्सर होता, तिथंच बदलला, डेल्कोतले पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट) पण जळलेले होते ते घासून गॅप साधारण 0.45 मिमी लावला. खाली उतरून परत चढवली, कुठंही अडखळली नाही. पंप आहे तिथंच राहणार. होस मात्र बदलतोय, एक हातात घेतला तर चुरा झाला. नवीन पॉइंट चांगले कुठं मिळतील? इथं जे मिळाले ते दोन दिवसात झिजतील असे वाटतात.

कुर्ला_ते_कर्वेनगर
गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातली, पार्ट पण कुर्ल्यालाच शोधा. सीएसटी रोडला फिरा, नाहीतर ऑपेरा हाउसच्या स्पेअरवाल्यांकडे, जुन्या स्टॉकमधला बंद डबा आहे का विचारा. ऑक्टोबर 2023 ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हापासून दुकानदार हा माल मागवायला फार उत्सुक नसतात, म्हणून दिसला तर दोन-तीन सेट उचलून ठेवा. कंडेन्सर पण, आणि जुना चालणारा फेकू नका.

चढाचं झालं पण उताराचं कोणी बोललंच नाही. चारी चाकांना ड्रम आहेत, पसरणी उतरताना ब्रेकवर पाय ठेवून आलात तर खाली वाईपर्यंत पेडल दगड होईल आणि गाडी थांबणार नाही. ज्या गिअरमध्ये चढली त्याच गिअरमध्ये उतरवा, सेकंडच. पहिल्याला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज पडू देणारी सोय) नाही, चालत्या गाडीत तो कोंबायला जाऊ नका, उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर ठरवून घ्या. ब्रेक ऑइल कधी बदललंय? माहीत नसेल तर पाचगणीच्या आधी ते.