विकास आराखड्यातील रस्ता आणि जुनी बारव : कायद्याचा आधार कोणता?

प्रश्न :
आमच्या गावाचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला असून त्यातील एक नियोजित रस्ता वेशीबाहेरच्या जुन्या बारवेवरून, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवरून, जातो. बारव घडीव दगडांची आहे, भिंतींत देवकोष्ठे (मूर्तींसाठीचे कोनाडे) आहेत आणि काठावरच्या कडुनिंबाला टेकून दोन वीरगळ (वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड) उभे आहेत, ज्यांना लोक अजूनही शेंदूर लावतात. आराखड्यात मात्र त्या जागी नुसती विहिरीची खूण आहे. बांधकाम शंभर वर्षांहून जुने असले की त्याला आपोआप संरक्षण मिळते, असे काही जण सांगतात. हे खरे आहे का?

प्रतिसाद १ :
नाही. प्राचीन स्मारकांसंबंधीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यातील शंभर वर्षांची अट ही केवळ पात्रतेची आहे. स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून घोषित झाल्याखेरीज त्यातील निर्बंध लागू होत नाहीत. राज्याच्या १९६० च्या कायद्यालाही अधिसूचना लागतेच. गावोगावच्या बहुतेक बारवा या दोन्हींच्या बाहेर आहेत, याचे फार वाईट वाटते.

आज तुमच्या हाताशी आहे तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. ऐतिहासिक वास्तू आणि स्थळे यांचे जतन हा विकास आराखड्याचाच विषय असल्याचे त्याचे कलम २२ सांगते, आणि कलम २६ खाली प्रारूपावर लेखी हरकत घेता येते. हरकतीत 'बारव वाचवा' एवढेच न लिहिता गट क्रमांक, मोजमापे, छायाचित्रे आणि रस्त्याची पर्यायी आखणी द्या, म्हणजे सुनावणीच्या वेळी नियोजन समितीपुढे ठोस काहीतरी राहील. मुदत चुकवू नका. आराखडा एकदा मंजूर झाला की कलम ३७ खालील फेरबदलाचा लांबचा रस्ता धरावा लागतो.

प्रतिसाद २ :
वरील सल्ल्याशी सहमत आहे. मात्र केंद्रीय संरक्षणाची मागणी करण्याआधी शेजारच्या घरांचा विचार जरूर करावा. मी पुण्यात शनिवारवाडा या केंद्र-संरक्षित स्मारकालगत राहतो. १९५८ च्या केंद्रीय कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. हे अंतर स्मारकाच्या भिंतीपासून नव्हे, तर हद्दीपासून मोजतात, हे आम्हाला फार उशिरा कळले. आमच्या वाड्याची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते, पण तो पाडून नवी इमारत बांधता येत नाही. माडीच्या तुळया टेकू देऊन उभ्या आहेत. शनिवारवाड्याला धक्का लागावा असे आमच्यापैकी कोणालाही वाटत नाही, पण हा भार आम्ही रोज वाहतो.

तुमच्या बारवेसाठी आराखड्यातच वारसा स्थळ म्हणून नोंद मागणे मला अधिक योग्य वाटते. मुंबईत १९९५ च्या नियमावलीने वास्तूंची श्रेणीवार यादी करून विकास नियंत्रणातच वारशाला जागा दिली, आणि तिथे प्रत्येक वास्तूभोवती १०० मीटरचे सरसकट वर्तुळ आखलेले नाही.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनापासून आभार. उद्या सकाळी टेप घेऊन बारवेची मोजणी करतो. रस्ता पूर्वेकडील पडीक जमिनीतून वळवता येईल असे दिसते, तेव्हा ती आखणी हरकतीला जोडतो. वीरगळांची छायाचित्रेही शेंदराखालचे कोरीवकाम दिसेल अशा तिरप्या उन्हात काढून घेतो.