दुपारी पोर्ट्रेट काढायला बंदी आहे का?

सव्वाबारा
काल एका फोटोग्राफरची पोस्ट वाचली आणि तेव्हापासून डोकं सटकलंय. मजकूर साधारण असा: सकाळी नऊ ते दुपारी चार कॅमेरा बॅगेत ठेवा, बाहेरचं पोर्ट्रेट म्हणजे गोल्डन अवर (सूर्य क्षितिजाजवळ असतानाचं कोवळं ऊन), बाकी सगळं हौशी लोकांचं काम. खाली "अगदी बरोबर सर"ची रांग. म्हणजे आता फोटोलाही मुहूर्त बघायचा!

दुपारच्या उन्हाचा गुन्हा काय? ते डोक्यावरून येतं, एवढाच. म्हणून भुवयांची सावली डोळ्यांत पडते आणि नाकाची ओठावर. मग माणसाला चार पावलं हलवा की. दाराच्या आत हातभर उभं करा, तोंड बाहेर. वरचा उजेड छपराने अडतो आणि समोरच्या तापलेल्या फरशीवरून उजेड उलटा चेहऱ्यावर येतो. फुकटचा रिफ्लेक्टर, आणि तोही खोलीएवढा.

आजीचा माझ्याकडचा सगळ्यात चांगला फोटो असाच दुपारी काढलेला आहे. अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ ४, शटर १/२०० सेकंद, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) २००. हनुवटीखाली काळं नाही, दोन्ही डोळ्यांत उघड्या दाराची चौकोनी चमक, गालावरच्या तिळातला एकुलता केससुद्धा दिसतोय. तिसऱ्या क्लिकला ती म्हणाली, "झालं का? पाय भरून आले." ती काय संध्याकाळपर्यंत थांबणार होती?

तिरपं ऊन
ती पोस्ट माझी नाही, पण मीही तेच लिहिलं असतं, त्यामुळे अंगावर घेतो.

साहेब, तुमचा अख्खा युक्तिवाद दुपारच्या उन्हापासून पळून कुठे लपायचं याचा आहे. आजीला तुम्ही उन्हात उभं केलंच नाहीत, सावलीत केलंत. मग दुपार जिंकली कुठे?

दुसरं म्हणजे, आजीच्या मागे अंधारी खोली होती म्हणून निभावलं. हेच एखाद्या झाडाखाली करून बघा. चेहरा सावलीत आणि मागचं मैदान भर उन्हात, म्हणजे तीन-चार स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). चेहरा सांभाळला तर मागचं सगळं पांढरं फटक, मागचं सांभाळलं तर माणूस कोळसा. शिवाय झाडाखाली पानांतून पडणारे कवडसे. कपाळावर एक, नाकावर एक, जसा कोड फुटलाय.

आणि कोवळं ऊन चांगलं असतं ते कुणी कवी म्हणाला म्हणून नव्हे. क्षितिजावरच्या सूर्याचा किरण डोक्यावरच्यापेक्षा जवळपास ३८ पट हवा कापून येतो. वाटेत निळा विखुरतो, ऊन मंद होतं, आणि आकाशाचा उजेड त्याच्या बरोबरीला यायला लागतो. तोच सावल्या भरून काढतो. म्हणून चेहऱ्याची उजळ बाजू आणि अंधारी बाजू एकमेकींशी बोलायला लागतात. दुपारी त्यांचं भांडण असतं. शिवाय माणूस डोळे उघडे ठेवू शकतो, हे तर तुम्ही विसरलातच.

कवडसा
कवडशांना कोड म्हटल्याबद्दल निषेध. नावासकट.

पन्नास एमएम
गोल्डन अवरमधला "अवर" हा शब्द ज्याने घातला त्याला शोधतोय. सूर्य क्षितिजाच्या वर सहा अंश ते खाली चार अंश असा ढोबळ हिशेब धरतात. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणजे पुरी चाळीस मिनिटं, आणि त्यात सूर्य वर असतानाची फक्त चोवीस. ध्रुवांकडे जा, हाच प्रकार तासन्‌तास चालतो. तिकडच्या लोकांचे सल्ले वाचून आपण घड्याळ लावतो.

शिवाय क्षितिज कुणाला दिसतं? अ‍ॅपमध्ये सूर्यास्त सहा बेचाळीस. मी एका जोडप्याला बरोबर सहाला उभं केलं. सहा वाजून सात मिनिटांनी सूर्य टेकडीमागे. टेकडी अ‍ॅपला माहीत नव्हती. पुढचा पाऊण तास सपाट, निळसर, आजारी उजेड. ती मुलगी दोनदा म्हणाली, "ते सोनेरी कधी येणार?" घरी येऊन व्हाइट बॅलन्स (फोटोच्या रंगाचा निळा-पिवळा तोल) ओढून ओढून सोनेरी केलं. दोघं कावीळ झाल्यासारखी दिसत होती.

तिरपं ऊन
हा उजेडाचा दोष की तुमचा? आदल्या दिवशी त्याच वेळी जाऊन जागा बघायची असते. मी मोबाइलवर दर पाच मिनिटांनी माझ्याच तळहाताचा फोटो काढून ठेवतो. तळहात पिवळा दिसायचा कधी थांबतो ते नेमकं कळतं.

पन्नास एमएम
तळहाताची युक्ती चोरतोय. बाकी मताशी असहमत, आभार वगैरे काही मानणार नाही.

लेन्सकॅप हरवलेली
तुम्ही सगळे मोठ्या, समजूतदार माणसांचे फोटो काढता असं दिसतंय. दोन वर्षांच्या मुलाला सांगा ना गोल्डन अवर. आमचं कार्टं सकाळी दहाला जगावर खूश असतं, आणि सूर्य मावळायला लागला की याचाही चेहरा मावळतो. तुमच्या त्या सुंदर तिरप्या उजेडातले माझ्याकडे सोळा फोटो आहेत, सोळाच्या सोळा रडण्याचे. अश्रूंवर रिम लाइट (मागून येणारी उजेडाची कड) छान आलाय, ते मात्र खरं.

आणि ढगाळ दिवसाचं कुणी नावच काढेना. अख्खं आभाळ सॉफ्टबॉक्स (दिव्याचा उजेड मऊ करणारी पेटी), दिवसभर. फक्त आभाळ फ्रेममध्ये घेऊ नका आणि चेहरा किंचित वर करायला सांगा, नाहीतर तिथेही डोळे खोल जातात. वाद संपला.

सव्वाबारा
वाद संपला कसा? मी उन्हातसुद्धा काढतो. सूर्य पाठीमागे घ्यायचा, केसांवर आणि खांद्यावर कड येऊ द्यायची आणि समोरून फ्लॅश. जमतं.

पन्नास एमएम
कुठल्या अ‍ॅपर्चरला? आयएसओ १०० ला भर उन्हात एफ २.८, म्हणजे मोठं भोक, म्हटलं की शटर १/३२०० च्या आसपास जातो. फ्लॅशचा सिंक, म्हणजे फ्लॅशला साथ देणारा सगळ्यात वेगवान शटर, १/२०० नाहीतर १/२५०. मग उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावा, नाहीतर हाय-स्पीड सिंक (त्याहून वेगवान शटरलाही फ्लॅश चालवणं) करून फ्लॅशचा निम्म्याहून जास्त जोर घालवा. एवढा संसार उचलून न्यायचा असेल तर संध्याकाळ काय वाईट?

जुना रोल
तुमची सगळ्यांची चर्चा वाचून गंमत वाटली. आम्ही भर उन्हात एफ १६ आणि फिल्मचा जो वेग तो शटर (वेग १०० तर १/१००), एवढ्या हिशोबावर आयुष्य काढलं. मागे पडदा नव्हता बघायला. छत्तीस फोटोंत छत्तीस विचार करावे लागायचे.

पण संध्याकाळच्या बाजूने माझं मत. कारण साधं आहे, त्या उजेडात सावळी माणसंही उजळ दिसतात, गिऱ्हाईक खूश होतं. धंद्यात तेच बघायचं असतं.

सावळी
इतका वेळ नुसती वाचत होते. "सावळी माणसंही" यातला "ही" जरा उचलून बघा काका, त्याच्याखाली काय आहे ते.

मागे कामाच्या प्रोफाइलसाठी पोर्ट्रेट काढून घेतली. तुमच्या लाडक्या वेळेलाच, संध्याकाळी. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितली तेव्हा इतकी आवडली होती! कानामागून ऊन, गालाच्या हाडावर तांबूस रेघ, कपाळ चकाकत होतं आणि ते चांगलं दिसत होतं. आठ दिवसांनी फाइल आल्या. चेहरा दोन छटा फिका. मान माझी, हात माझे, मध्ये चेहरा कुणाचा तरी. हनुवटीखाली रंगाची शिवण दिसत होती. विचारलं तर म्हणाला, "अहो, त्याचे वेगळे पैसे नाही लावले."

तेव्हापासून कुणी "उजेड छान आहे" म्हणालं की मी विचारते, कुणासाठी?

जुना रोल
हे बघा, मी कुणाचा अपमान केला नाही. गिऱ्हाईक स्वतः येऊन सांगतं, जरा फ्रेश करा. नाही केलं तर दुसरीकडे जातं. माझी चाळीस वर्षं या धंद्यात गेली, मला शिकवू नका.

सावळी
मी कुठे शिकवतेय? मी विचारतेय. चाळीस वर्षांत किती जणांनी सांगितलं आणि किती जणांना तुम्ही न विचारता "फ्रेश" केलंत?

लेन्सकॅप हरवलेली
बापरे. पण प्रश्न बिनतोड आहे.

कवडसा
यात तंत्राचा भागही आहे, तो सांगतो, मग हवं तर मला झोडा.

कॅमेऱ्याचं मीटर समोर जे असेल ते मध्यम करड्यावर आणायला बघतं, तो आपला १८ टक्केवाला करडा. सावळा चेहरा फ्रेमभर घेतला की मीटरला वाटतं अंधार आहे, ते एक्स्पोजर वाढवतं. गोऱ्या चेहऱ्याला उलट दाबतं. म्हणून सावळा चेहरा स्पॉट मीटरने (फक्त तेवढाच भाग मोजणाऱ्या) मोजला तर एखादा स्टॉप खाली या. लोक येत नाहीत. वर त्या फिक्या चेहऱ्यालाच "छान उजळ आला" म्हणतात.

आणि फिल्मचं म्हणाल तर ती काही निष्पाप नव्हती. रंगीत प्रिंट जुळवायला लॅबमध्ये कोडॅकचं जे नमुन्याचं कार्ड असायचं, त्यावर गोरी बाई. कार्डाचं नावच शर्ली. कित्येक वर्षं तिची कातडी बरोबर आली की प्रिंट बरोबर. गडद तपकिरी छटा सुधारा म्हणून आधी ओरडले ते चॉकलेटवाले आणि लाकडी फर्निचरवाले, त्यांच्या जाहिराती नीट येईनात म्हणून. माणसांचा नंबर नंतर.

जुना रोल
ते कार्ड मी हाताळलंय. आमच्या मनात तसलं काही नसायचं. तुम्ही लोक आता प्रत्येक गोष्टीत काहीतरी शोधून काढता.

सावळी
मनात नसतानाही होतं, हेच तर ते कार्ड सांगतंय.

तिरपं ऊन
मधे बोलतो. सावळ्या त्वचेला जास्त उजेड लागतो हा गैरसमज आहे. तिला उजेडाचं प्रतिबिंब लागतं. बाजूने येणारा, मोठा, एकसलग उजेड. कातडीवर जी चकाकी येते त्यातूनच चेहऱ्याची घडण दिसते. लोक त्याला "तेलकट" म्हणतात आणि पावडर थापून घालवतात. संध्याकाळचं तिरपं ऊन ते काम करतं, म्हणून ताई, तुम्हाला पडद्यावरचे फोटो आवडले होते. गुन्हा नंतर घडला, संगणकावर.

सावळी
मान्य. पण मग दाराच्या आतला दुपारचा उजेडसुद्धा मोठा आणि एकसलगच असतो ना? तुम्हीच म्हणालात म्हणून विचारते.

तिरपं ऊन
...असतो.

सव्वाबारा
हे वाक्य मी फ्रेम करून ठेवतोय. दुपारीच.

तिरपं ऊन
उड्या मारू नका. दार असेल तर, समोर फिकी फरशी असेल तर, मागे अंधार असेल तर. समोर हिरवळ असली तर आजी हिरवी आली असती. संध्याकाळी एवढे "तर" लागत नाहीत.

पन्नास एमएम
लागतात. टेकडी नसेल तर.

लेन्सकॅप हरवलेली
मूल झोपलं नसेल तर.

सव्वाबारा
हिरवळीचं खरं आहे. एकदा मित्राचा लॉनवर काढला होता, हनुवटी शेवाळल्यासारखी आली. हे मी कबूल केलं नसतं, पण आता वारं माझ्या बाजूने आहे म्हणून करतो.

जुना रोल
दोन दिवस लिहिलं नाही. रागावलो होतो, अजूनही थोडा आहे.

सावळी ताई, तुम्ही आकडा विचारलात. आकडा माझ्याकडे नाही. एक फोटो आहे. माझ्या आईचा, कृष्णधवल, मीच काढलेला आणि मीच प्रिंट केलेला. एन्लार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र) प्रिंट करताना तारेच्या टोकाला पुठ्ठ्याचा गोल तुकडा लावून चेहऱ्यावर धरायचो आणि हलवत राहायचो, म्हणजे तेवढ्या भागाला उजेड कमी मिळतो आणि तो प्रिंटमध्ये फिका येतो. आईच्या चेहऱ्यावर मी तो चार सेकंद धरला होता. तिने सांगितलं नव्हतं. तिने प्रिंट बघितली आणि "चांगला आलाय" म्हणाली. भिंतीवर तोच आहे.

काल निगेटिव्ह शोधली. डब्यात होती, एका कडेला बुरशी आलीय. पुठ्ठा न धरता प्रिंट काढली. कपाळ चकाकतंय. भुवयांखाली खड्डे आहेत, नाकाची सावली पार ओठापर्यंत. आई डोळे बारीक करून माझ्यावर वैतागलेली आहे. अशीच दिसायची.

सावळी
काका, भिंतीवर कुठला लावताय?

जुना रोल
अजून ओली आहे. वाळू द्या.

सव्वाबारा
एक विचारू का? राग मानू नका. नाकाची सावली ओठापर्यंत म्हणजे फोटो किती वाजताचा?

जुना रोल
वेळ लिहून ठेवलेली नाही. पण तिची सावली तिच्या पायाशीच गोळा झालीय. तुमच्या नावाएवढे वाजले असतील.

तिरपं ऊन
झालं. आता हा महिनाभर ऐकवणार.