अडखळत बोलणाऱ्यांना काय काय ऐकावं लागतं? (अनुभव धागा)

२२ ऑक्टोबर हा तोतरेपणाविषयी जागृतीचा आंतरराष्ट्रीय दिवस, १९९८ पासून पाळतात. त्या निमित्ताने हा धागा. मी लहानपणापासून अडखळतो. मोठ्या माणसांत शंभरातला साधारण एक जण असं बोलतो, तरी आजही पहिला प्रश्न 'एवढा घाबरतोस कशाला?' हाच असतो. घाबरून अडखळत नाही हो, अडखळून अडखळून भीती बसते. मूळ आहे ते मेंदूत बोलण्याची जुळणी कशी होते त्यात, आणि पुष्कळदा आनुवंशिकतेत.

कॉलेजात असताना शिवाजीनगरहून बसने येताना 'डेक्कन' म्हणता यायचं नाही. 'ड'वर जीभ टाळूला चिकटायची, मान ताठ व्हायची, कंडक्टर पुढच्याकडे वळायचा. मग मी 'संभाजी पार्क' मागायचो आणि उरलेलं चालत जायचो. दोन वर्षं.

तुम्हीही लिहा. घरच्यांनी, शिक्षकांनीसुद्धा.

नाशिकहून, एक आई
लेक चार वर्षांचा असताना अडखळायला लागला. वेखंड उगाळून झालं, मध चाटवून झाला, 'तू नोकरी करतेस म्हणून' हेही ऐकून झालं. थेरपिस्टबाईंनी सांगितलं, त्याला 'हळू बोल' म्हणू नका, तुम्हीच सावकाश बोला आणि त्याचं वाक्य त्याला संपवू द्या. या वयात सुरू झालेलं बहुतेक मुलांचं पुढे थांबतं, त्याचं नाही थांबलं.
गणपतीत तो सगळ्या आरत्या खणखणीत म्हणतो, कुठेही अडत नाही. त्यावर नणंद म्हणाली, "बघ, नाटकं करतो. मनात आणलं तर येतं की!" तालासुरात म्हणताना बहुतेकांचं अडखळणं जातं, हे मी तिला सांगितलं. पण तो तिथेच उभा होता. त्यानंतर दोन दिवस तो आरतीला आलाच नाही. अजून आठवलं की पोटात तुटतं.

सोलापूरहून
फोनवर शब्द अडला की पलीकडून "हॅलो, हॅलो, रेंज नाहीये" आणि फोन बंद. नोकरीच्या दोन मुलाखती अशाच गेल्या.

ठाण्याहून
मी बाई आहे. मोठेपणी अडखळणाऱ्यांत चार पुरुषांमागे साधारण एक बाई असते, त्यामुळे लोकांना ते आणखीच विचित्र वाटतं. कांदेपोह्यांच्या वेळी मुलाच्या मावशीने माझ्यादेखत आईला विचारलं, "हिला सगळं समजतं ना?" मी तेव्हा एम.एस्सी. होते. उत्तर तयार होतं, 'म'वर अडले, आणि तेवढ्यात आईच बोलून गेली.

साताऱ्याजवळून, शिक्षक
माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. त्याला त्रास नको म्हणून मी हजेरीला नुसता हात वर करायला सांगितलं, वाचनातही वगळायचो. भलं करतोय असंच वाटायचं. पंधरा-वीस दिवसांनी मधल्या सुट्टीत तो आला. वाक्य पुरं व्हायला मिनिटभर लागलं असेल. म्हणाला, "सर, मला हजर म्हणायचंय. तुम्ही फक्त थांबा."